वल्ह्यांसाठी बोस्टनपर्यंत गेलेला माणूस

तुमची प्रतिक्रिया येऊन दहा दिवस झाले. 'वाचल्याबद्दल आभार, मतभेद असू शकतात' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही लेख नीट वाचून एकेक मुद्दा काढलाय, त्याला तसं उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून 'बेन-हर' आणि वॉलेसचं आत्मचरित्र, दोन्ही पुन्हा काढून बसलो. उशीर झाला, त्याबद्दल माफ करा.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मागचा लेख ल्यू वॉलेसवर होता. अमेरिकेतल्या इंडियानाचा वकील, यादवी युद्धातला जनरल, नंतर न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर, आणि १८८० साली आलेल्या 'बेन-हर' या कादंबरीचा लेखक. यहूदा बेन-हर या यहुदी तरुणाला रोमन लोक विनाचौकशी जहाजावर वल्ही मारायला पाठवतात आणि त्याची वाट येशूच्या वाटेला जाऊन मिळते, अशी ती गोष्ट. ही कादंबरी त्याच्या श्रद्धेतून जन्मली, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: जो माणूस जन्मात कुठल्या चर्चचा सभासद झाला नाही त्याला 'ख्रिस्ती कादंबरीकार' म्हणणं ही ओढाताण आहे. रेल्वेत एका नास्तिकाशी झालेल्या बोलण्यातून पुस्तक सुचलं, ही भाविकांनी सजवलेली दंतकथा आहे. ज्याने पॅलेस्टाइन पाहिलंच नव्हतं त्याच्या पुस्तकातला इतिहास म्हणजे प्रवचनामागे टांगलेला रंगवलेला पडदा. रोमन जहाजांवर वल्ही मारायला गुलाम नसत एवढीही माहिती त्याला नव्हती. आणि मूळ प्रेरणा ख्रिस्त नव्हे, शायलोच्या लढाईत गेलेली अब्रू.

वल्ह्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के खरं आहे. रोमन आरमारात वल्ही मारणारे बहुतेक स्वतंत्र, पगारी लोक असत. शिक्षा म्हणून माणसाला जहाजावर वल्हवायला जुंपण्याची पद्धत युरोपात रुजली ती शेकडो वर्षांनंतर. वॉलेसने ती मागे नेऊन पहिल्या शतकात बसवली आणि कादंबरीवरून निघालेल्या सिनेमांनी ती जगभर पोचवली. ही चूक मी लेखात सांगायला हवी होती, सांगितली नाही.

पण त्याच वल्ह्यांची दुसरी बाजू ऐका. वॉलेसने स्वतः लिहून ठेवलंय की तीन ओळींत वल्ही असलेल्या युद्धनौकेच्या पोटात ती वल्ही नेमकी कशी बसवलेली असत, एवढं एक कोडं सोडवायला तो आधी वॉशिंग्टनला गेला आणि तिथून बोस्टनला. दुसरं काही काम नव्हतं. दोन शहरांतली ग्रंथालयं पालथी घातली ती वरच्या माणसाचं वल्हं खालच्याच्या वल्ह्याला का अडत नाही, हे कळावं म्हणून. वल्ही कोणाच्या हातात होती, तिथे तो चुकला. ती कशी चालत, त्यासाठी त्याने शेकडो मैल रेल्वेने प्रवास केला. पडदा रंगवायला कोणी इतकी पायपीट करत नाही. पडदा अंदाजाने रंगवला तरी लांबून चालून जातो.

पॅलेस्टाइन त्याने लिहिताना पाहिलं नव्हतं, हेही खरं. त्याच्यापुढे त्या भूमीचा एक जर्मन नकाशा असे आणि जवळ प्रवासवर्णनं नि इतिहासग्रंथ. पुस्तकाला सात वर्षांहून जास्त काळ लागला, आणि त्यातला प्रत्यक्ष लेखनात गेलेला वेळ सर्वांत कमी होता, बाकीचा शोधण्यात गेला, असं तो सांगतो. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनी त्याला ऑटोमन साम्राज्यात अमेरिकेचा राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं. तिथून तो यरुशलेमला गेला आणि आपल्या पात्रांना ज्या वाटांनी चालवलं होतं त्या वाटा स्वतः चालून पाहिल्या. वर्णनातला एक शब्दही बदलावा लागला नाही, असा त्याचा निष्कर्ष. ही त्याने स्वतःलाच दिलेली पावती आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण छापून झालेल्या पुस्तकाची जागेवर जाऊन तपासणी करावीशी वाटणं, या स्वभावाकडेच मला बोट दाखवायचंय.

आता रेल्वे. इथे मी चुकीचं लिहिलं होतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळेच ते ध्यानात आलं.

घडलं ते असं. १८७६ साली वॉलेस रात्रीच्या गाडीने इंडियानापोलिसला निघाला होता. त्याच गाडीत कर्नल रॉबर्ट इंगरसॉल होता. त्या काळातला अमेरिकेतला सर्वांत गाजलेला अज्ञेयवादी वक्ता. बाप धर्मोपदेशक, आणि मुलगा गावोगाव धर्माविरुद्ध भाषणं देणारा. दोघेही शायलोला लढलेले. इंगरसॉलने त्याला आपल्या डब्यात गप्पांना बोलावलं. विषय मी ठरवणार, या अटीवर वॉलेस आत गेला आणि त्याने विचारलं, देव आहे का? उत्तर आलं, मला माहीत नाही, तुम्हाला आहे? सैतान आहे का? माहीत नाही, तुम्हाला आहे? स्वर्ग, नरक, मरणानंतरचं जीवन, प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. मग वॉलेस म्हणाला, हे घ्या तुमचे विषय, आता बोला. आणि इंगरसॉल मुक्काम येईपर्यंत बोलत राहिला.

हा प्रसंग आपल्याला माहीत आहे तो फक्त वॉलेसच्या तोंडून, आणि तोही त्याने बऱ्याच वर्षांनी लिहिला. एवढ्यापुरता तुमचा संशय रास्त आहे. पण ही 'नास्तिकाला हरवल्याची' गोष्ट नाही, हे बघा. दंतकथा असती तर गाडीत वॉलेस जिंकला असता. त्याने तर एकाही मुद्द्याचा प्रतिवाद केला नाही. स्टेशनवर उतरून ट्रामने न जाता तो अंधारात एकटाच भावाच्या घराकडे चालत निघाला, कारण त्याला स्वतःची लाज वाटत होती. इंगरसॉल चूक की बरोबर, हे ठरवण्याइतकंही आपल्याला काही माहीत नाही, याची लाज. पन्नाशीला आलेला माणूस, वकिली केलेला, पलटणी हाकलेला, आणि ज्या देशात घराघरात बायबल तिथे वाढलेला. 'हो' म्हणायला पुरावा नाही आणि 'नाही' म्हणायलाही नाही.

आणि माझी चूक ही: पुस्तक त्या रात्री सुचलं, असं मी लिहिलं. तसं नाही. तीन ज्ञानी पुरुष ताऱ्यामागून बेथलेहेमला येतात, हा भाग त्याने आधीच लिहिलेला होता. मासिकात छापायला बरी गोष्ट होईल म्हणून लिहिला आणि मेजात ठेवून दिला. त्यात भक्तीपेक्षा चित्रमयतेची ओढ जास्त होती, असं त्याच्या सांगण्यावरून दिसतं. रेल्वेनंतर ते कागद बाहेर निघाले. विषयाचा अभ्यास करायचाच, पण धर्मशास्त्राचे ग्रंथ काही आपल्याच्याने वाचवणार नाहीत, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने ठरवलं की अभ्यास कादंबरीतूनच करायचा. येशूच्या जन्मापासून क्रुसापर्यंतचा काळ, तेव्हाचं रोमन राज्य, यहुदी घरं, रस्ते, सराया, कर, सण, सगळं उभं करायचं. आणि पुस्तक संपायच्या कितीतरी आधी आपण देवावर आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागलो होतो, असं तो लिहितो.

म्हणजे 'श्रद्धेतून जन्मलेली कादंबरी' हे माझं वाक्य उलटं होतं. श्रद्धा कादंबरीतून आली. वल्ही, विहिरी, वाटा तपासता तपासता आली. म्हणूनच त्याच्या पुस्तकातला इतिहास वेगळा आणि धर्म वेगळा, अशी फाळणी मला करता येत नाही. तपशील गोळा करणं हीच त्याची उपासना होती, असं मला मनापासून वाटतं.

प्रवचनाच्या आरोपाबद्दल. वॉलेसने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: आपण रचलेल्या कुठल्याही प्रसंगात येशूला पात्र म्हणून वावरू द्यायचं नाही, आणि तो जे बोलेल ते शब्दशः शुभवर्तमानातलंच, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातलंच असेल. हा नियम एकदाच मोडला, असं तो सांगतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी. यहूदा बेन-हरला शिक्षा झालीय. रोमन शिपाई त्याला समुद्राकडे नेताहेत. नासरेथच्या विहिरीपाशी तांडा थांबतो. पोरगा धुळीत कोसळलेला, हात बांधलेले, आणि गाववाल्यांपैकी कोणाची जवळ जायची हिंमत नाही. सुताराबरोबर आलेला त्याच्याच वयाचा एक मुलगा पुढे होतो, पाणी आणतो, त्याच्या ओठांना लावतो, डोक्यावर हात ठेवतो. आणि एक शब्दही बोलत नाही. शिपाईही अडवत नाहीत. मग तांडा पुढे जातो.

ज्याला उपदेश करायचाय तो लेखक ही संधी सोडेल? एक ओळ तरी तोंडात घातलीच असती. वॉलेसने नियम मोडला तोही मुक्याने. पुढे १८९९ साली नाटक आलं तेव्हाही त्याने अट घातली की येशूच्या भूमिकेत नट उभा करायचा नाही. रंगमंचावर फक्त प्रकाशाचा झोत पडायचा.

शायलोचा मुद्दा टाळत नाही. ६ एप्रिल १८६२ रोजी वरिष्ठ सेनापती ग्रँटचा हुकूम मिळाल्यावर वॉलेस आपली डिव्हिजन घेऊन एका रस्त्याने निघाला, आणि ग्रँटला तो हवा होता दुसऱ्या रस्त्यावर. परत फिरून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि पहिल्या दिवसाची लढाई संपली होती. मूळ लेखी हुकूम हरवला. त्यामुळे काय लिहिलं होतं, हे कधीच सिद्ध झालं नाही. दोन्ही बाजूंचे मिळून २३,००० हून जास्त लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले, आणि दोष द्यायला एक माणूस तयार होता. दोन वर्षांनी मोनोकसीला त्याने थोड्या फौजेनिशी शत्रूला एक दिवस अडवून धरलं आणि वॉशिंग्टन वाचवायला मदत केली, तरी शायलो पुसलं गेलं नाही. तो उरलेलं आयुष्य खुलासे करत राहिला. आता कादंबरी आठवा. गच्चीवरून एक कौल निसटतं, खालून जाणाऱ्या रोमन अधिकाऱ्याला लागतं, आणि यहूदाला ना चौकशी ना सुनावणी. ही जखम लेखकाची स्वतःची आहे, यात मलाही शंका नाही.

फक्त त्या जखमेचं पुस्तकात काय होतं, ते पाहा. रथांची शर्यत सगळ्यांना आठवते, आणि वाटतं की तिथे सूड पुरा झाला. त्यानंतर पुस्तकाचा मोठा भाग शिल्लक आहे. यहूदा गालीलात गुपचूप सैन्य उभं करतो, कारण येणारा राजा रोमला तलवारीने हाकलेल अशी त्याची खात्री असते. आणि तो राजा तलवार मागतच नाही. स्वतः जनरल असलेल्या माणसाने हे लिहिलंय. नुसती अब्रू परत मिळवायची असती तर त्याने शर्यतीपाशीच पडदा पाडला असता. आणि ग्रँटने आपल्या आठवणींत तळटीप घालून वॉलेसवरचा दोष सौम्य केला तो १८८५ च्या सुमारास, पुस्तक येऊन पाच वर्षं झाल्यावर.

चर्चबद्दल एवढंच म्हणतो. तो सभासद नव्हता, हे तुमचं बरोबर. कारणं त्यानेच दिली आहेत: चर्चला आपली हरकत नाही, पण आपल्याला आपलं स्वातंत्र्य प्रिय आहे, आणि प्रभुभोजनात (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत) भाग घेण्याइतके आपण चांगले आहोत असं वाटत नाही. यातलं दुसरं कारण ज्याला त्या भाकरीचं काही वाटत नाही तो माणूस देणार नाही. मी वर्षानुवर्षं त्या रांगेत उभा राहिलोय आणि किती वेळा हा विचार न करताच हात पुढे केलाय, ते मला माहीत आहे. त्याला 'ख्रिस्ती कादंबरीकार' म्हणायचा माझा हट्ट त्या वाक्यामुळे आहे, आणि तो मी सोडणार नाही.

शेवटी, तुम्ही न मागितलेली एक गोष्ट. कादंबरीचा आठवा, म्हणजे शेवटचा भाग वॉलेसने सांता फेच्या जुन्या गव्हर्नर-वाड्यात लिहिला. जाड मातीच्या भिंती, गळक्या छपराच्या पाण्याने डागाळलेली तुळयांची ओळ. दिवसा लिंकन परगण्यातल्या टोळीयुद्धाचे कागद, आणि रात्री हे. बिली द किड या बंदूकबाज गुंडाच्या धमक्यांमुळे बायको सुझन खिडकीची दारं लावून घ्यायला लावी, दिव्याच्या उजेडात बसलेला गव्हर्नर बाहेरून नेमका टिपता येऊ नये म्हणून. त्या बंद खोलीत आपण क्रुसावरचं मरण पाहिलं आणि जे पाहिलं ते लिहायची धडपड केली, असं तो म्हणतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या घटकेला 'त्यांच्यातला एक जण' धावत जातो, स्पंज आंबट द्राक्षारसात बुडवतो आणि येशूच्या ओठांशी नेतो. बाकीचे म्हणतात, असू दे. त्या एकाचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. वॉलेसने ती मोकळी जागा हेरली. त्याच्या पुस्तकात धावणारा तो माणूस यहूदा आहे. त्याला नासरेथची विहीर आठवते, लोक ओरडून अडवतात, तरी तो धावतो आणि स्पंज ओठांना लावतो. पण उशीर झालेला असतो. मूळ पुस्तक मिळालं तर विहिरीचं प्रकरण आणि हे प्रकरण लागोपाठ वाचा, मधलं सगळं सोडून. आणि मग पडदा वाटतो का, ते मला इथेच कळवा. वल्हेकऱ्यांची दुरुस्ती आणि रेल्वेचा बरोबर क्रम मूळ लेखात आज घालतोय.