‘बटण दाबलं की ई-बुक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मराठी ई-बुकांच्या किमतींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘कागद नाही, छपाई नाही, पीडीएफ तयारच असते, बटण दाबलं की ई-बुक. तरी छापील पुस्तकाच्या निम्मी किंमत? ही लूट आहे, आणि तुम्ही प्रकाशकांची तळी उचलता.’

किंमत पटली नाही, हे समजू शकतो. ‘तळी उचलता’ हे मात्र लागलं. गेली बारा वर्षं मी छापील पुस्तकांची ई-बुकं करतोय. माझ्या हेतूवर बोट ठेवण्याआधी निदान लेख पुरता वाचायचात.

तुमची एक दुरुस्ती मान्य. मी सरसकट १८ टक्के जीएसटी लिहिला होता. छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकांवरचा दर जुलै २०१८मध्ये ५ टक्क्यांवर आला. लेखात तसा बदल केलाय.

आता ते बटण. २०००च्या आसपासचं पुस्तक घ्या. ते बहुधा पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फाँटात लावलेलं असतं. फाँट बदलला की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. सॉफ्टवेअरने ती जोडाक्षर न ओळखता एकच घर पुढे सरकवली, की ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. ही चूक निदान डोळ्यांना खुपते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं, तर शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र घुसतो! ते पकडायला छापील प्रत शेजारी ठेवून माणसालाच ओळ न् ओळ वाचावी लागते. त्यात शेवटच्या दुरुस्त्या कित्येकदा ट्रेसिंगवर, म्हणजे छपाईसाठी पानं ज्यावर काढत त्या पारदर्शक कागदावर, कापून चिकटवलेल्या. फाइलमध्ये त्या नसतातच.

आणि पीडीएफ म्हणजे ई-बुक नव्हे. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं डेमी पान सहा इंची किंडलवर उघडून बघा. अक्षरं बारीक होतात. मोठी करावीत तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसा. ईपब या ई-बुकांच्या फाइल-प्रकारात ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडतात, आणि तिथेच जुनी जोडरेघ उघडी पडते : ऑपरेटरने ओळीच्या शेवटी शब्द तोडायला हाताने टाकलेली रेघ भर ओळीत ‘महा-राष्ट्र’ अशी येते. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव परिच्छेदाच्या मधोमध येतं. तळटीपांचे दुवे एकेक करून जोडावे लागतात. हे सगळं केल्याशिवाय मी फाइल हातावेगळी करत नाही, आणि करणारही नाही.

पायरसी आणि विक्री-संकेतस्थळांचं कमिशन यांवर तुम्ही जे लिहिलंत, त्यात नवीन काही नाही. त्यावर वेळ घालवत नाही. पुढच्या वेळी ‘लूट’ हा शब्द बाजूला ठेवून लिहा, म्हणजे मुद्द्यावर बोलता येईल.