‘एसएसडीवर फक्त विंडोज ठेवा’: या सल्ल्यात कुठे काय चुकतं

एक संदेश सगळीकडे फिरतोय. त्याचा आशय असा: एसएसडीवर (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या जलद ड्राइव्हवर) फक्त विंडोज ठेवा, बाकी सगळं हार्ड डिस्कवर टाका. एसएसडी लिहून लिहून मरते, म्हणून पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), टेम्प (तात्पुरत्या फायलींचं फोल्डर) आणि ब्राउझरची कॅशसुद्धा (पुन्हा लागेल म्हणून साठवलेली माहिती) डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, हलवा. जपून ठेवायचे फोटो मात्र एसएसडीवर भरून कपाटात ठेवा, कारण तिच्यात फिरणारे भाग नसतात. हे ऐकून लोक चांगला चालणारा संगणक स्वतःच्या हाताने मंद करून घेतात. शेवटच्या सूचनेत तर फोटोच जायची भीती आहे.

‘एसएसडी लिहून लिहून मरते.’ एसएसडीतल्या फ्लॅश सेलवर (माहिती साठवणाऱ्या बारीक कप्प्यांवर) किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते, हे खरं. पण ती किती लांब आहे ते बघा. सॅमसंगच्या ८७० इव्हो या १ टीबीच्या ड्राइव्हची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०० टीबी लिखाण, यांपैकी जे आधी होईल तोवर असते. रोज ४० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापराला हे भरपूर झालं, तरी ६०० टीबी व्हायला १५,००० दिवस लागतात, म्हणजे ४१ वर्षं. त्याच मालिकेतल्या २५० जीबीच्या ड्राइव्हला मर्यादा १५० टीबी. तिथेही दहा वर्षं निघतात. ड्राइव्हची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा, ‘टोटल होस्ट राइट्स’चा (आजवरच्या एकूण लिखाणाचा) आकडा घ्या आणि वापराच्या दिवसांनी भागा. आपला रोजचा हिशेब समोर येईल.

‘पेजफाइल हार्ड डिस्कवर न्या.’ सगळ्यात जास्त नुकसान ही सूचना करते. विंडोज ७ च्या वेळी, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने स्वतःची मोजमापं जाहीर केली होती: पेजफाइलमध्ये एका लिखाणामागे सुमारे ४० वाचनं होतात आणि त्यांतली ६७ टक्के ४ केबी किंवा त्याहून लहान असतात. अशी बारीक, विखुरलेली वाचनं एसएसडीला सोपी जातात आणि हार्ड डिस्कला सगळ्यात जड. रॅम कमी पडली की पेजफाइल कामाला लागते. नेमक्या त्या वेळी ती मंद ड्राइव्हवर असेल तर माउसही अडखळतो. शिवाय सी ड्राइव्हवर पेजफाइलच नसेल, तर विंडोज कोसळून निळा पडदा आल्यावर कारण शोधायला लागणारी डंप फाइल सहसा तयार होत नाही. पेजफाइल सी ड्राइव्हवरच राहू द्या, तिचा आकार विंडोजला ठरवू द्या.

‘बाकी सगळं हार्ड डिस्कवर.’ इथे ‘सगळं’ हा शब्द चुकतो. हार्ड डिस्कमधल्या, मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हेड सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला ऐंशीच्या आसपास. साटा (साध्या केबलने जोडायची) एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो करते. म्हणून ब्राउझरचं प्रोफाइल, मेलची डेटा फाइल, व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), फोटो सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, हजारो छोट्या फायलींचे कोडचे प्रकल्प एसएसडीवरच हवेत.

याउलट १०० मेगाबिट वेगाच्या ४के व्हिडिओला सेकंदाला जेमतेम १२.५ एमबी लागतात आणि हार्ड डिस्क सलग वाचताना १५० एमबी सहज देते. चित्रपट, जुनं चित्रीकरण, कॅमेऱ्याच्या रॉ फायली तिथे खुशाल ठेवा. एडिटिंगची कॅश आणि प्रिव्ह्यू तेवढे एसएसडीवर. फाइल महत्त्वाची आहे की मोठी, यापेक्षा ती कशी वाचली जाते हे आधी बघायचं.

स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीवर एकदम खूप भरू नका. सॅमसंगच्या अशाच ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी ड्राइव्हची जलद कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी. ती भरली की लिखाण सेकंदाला ८० एमबीवर येतं, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षाही मंद.

फायली हलवायच्या तर डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘लोकेशन’ टॅब वापरा. ॲपडेटा (प्रोग्रामच्या सेटिंग्जचं फोल्डर) किंवा प्रोग्राम फाइल्स कट-पेस्ट केलं तर रजिस्ट्रीतले (विंडोजच्या नोंदवहीतले) पत्ते जुनेच राहतात आणि प्रोग्राम उघडत नाहीत. प्रोग्राम काढून नव्या जागी पुन्हा इन्स्टॉल करा.

‘फोटो एसएसडीवर भरून कपाटात.’ एसएसडी पडली तर हार्ड डिस्कपेक्षा सुखरूप राहते, एवढं बरोबर. पण तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्त वेगाने. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या ड्राइव्हने, लिखाणाची मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर, ३० अंश सेल्सियसला वीज नसताना एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी ड्राइव्ह याहून बरीच जास्त काळ टिकवते. मात्र जुनी, झिजलेली एसएसडी कपाटात टाकून विसरणं धोक्याचं. कपाटासाठी हार्ड डिस्क घ्या, दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा, आणि वर्षातून एकदा दोन्ही जोडून फायली नुसत्या मोजू नका, उघडून बघा.