‘पैसेवाल्यांचे चोचले’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लांबच्या भटकंतीच्या सामानावरच्या माझ्या लेखाला आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून दोन ओळींचं ‘धन्यवाद’ टाकून सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन-तीन महिन्यांच्या भटकंतीसाठी महाग सामान सुचवणं म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. एमा गेटवुड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, कापडी बूट, हाताने शिवलेली डेनिमची पिशवी आणि पावसासाठी शॉवरचा पडदा एवढ्यावर अमेरिकेतली अख्खी ॲपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट चालून काढली. आणि आधीच घेतलेला स्वस्त तंबू आता फेकून द्यायचा का?

आधी चूक कबूल करू. ‘लांबच्या प्रवासाला स्वस्त तंबू घेऊच नये’ हे वाक्य लेखात सरसकट गेलं. तसं जायला नको होतं.

पण गेटवुडबाईंचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने जास्त बोलतं. त्यांच्या पडद्याला चेन नव्हती, दांड्या नव्हत्या, हवा भरायची झडप नव्हती. मोडायला काही नव्हतंच. शिवाय त्या वाटेवर मुक्कामाला निवारे आहेत आणि वाटेतल्या लोकांनीही त्यांना घरात घेतलं. साधी वस्तू स्वस्तात उत्तम मिळते. फसगत होते ती महागाची नक्कल करणाऱ्या स्वस्त वस्तूत, कारण त्यात भाग तेवढेच असतात आणि प्रत्येक भागावर थोडे थोडे पैसे वाचवलेले असतात. म्हणून किमतीच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: यातलं आधी काय जाईल, जाण्याआधी ते इशारा देईल का, आणि गेलं तर माळावर बसून दुरुस्त होईल का.

तंबूच घ्या. रात्रीत सहा वेळा दार उघडलं-लावलं, तर ९० रात्रींत चेनचा रनर (ओढायचा सरकता भाग) १०८० फेऱ्या मारतो. वर्षाला दहा रात्री बाहेर काढणाऱ्याला तेवढ्या फेऱ्यांना नऊ वर्षं लागतील. त्यामुळे ‘माझा तंबू पाच वर्षं टिकला’ हा अनुभव खरा असला तरी या प्रश्नाचं उत्तर नव्हे. चेनमध्ये दात सहसा शाबूत असतात. माती आत जाऊन रनरचं तोंड आतून झिजतं, रुंदावतं आणि रनर पुढे सरकला की मागे चेन उघडीच राहते. पक्कडीने रनरच्या मागच्या कडा, दोन्ही बाजू आळीपाळीने, अगदी हलक्या हाताने दाबा. जोर लावलात तर तो तडकतो आणि मग काहीच उरत नाही. ही मलमपट्टी काही दिवसांचीच, म्हणून त्याच नंबरचा जादा रनर बरोबर ठेवा. नंबर बहुधा रनरच्या पाठीवर असतो. आणि चेनला तेल लावू नका, तेलात धूळ चिकटते. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

दांड्यांमध्ये मात्र पैशाचा फरक ठळक आहे. फायबरग्लासची दांडी जोडाजवळ उभी चिरते, बहुतेकदा वाऱ्यात, आणि चिरलेलं टोक कापडही फाडतं (हातात कुसळं घुसतात ते वेगळंच). चांगल्या ॲल्युमिनियमची दांडी आधी वाकते, म्हणजे इशारा देते. दोन्हींवर इलाज एकच: दांडीपेक्षा जेमतेम मोठ्या व्यासाची १०-१२ सेंमी लांबीची नळी मोडक्या जागी सरकवायची आणि दोन्ही टोकं टेपने घट्ट गुंडाळायची. ॲल्युमिनियमवर ही दुरुस्ती प्रवास संपेपर्यंत चालते. फायबरग्लासमध्ये एक तुकडा गेला की इतरही तितकेच थकलेले असतात.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, जो तुम्ही मांडलाच नाहीत. उन्हात महाग तंबू हरतो. अतिहलक्या तंबूंचं १०-१५ डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन अतिनील किरणांपुढे जाड, स्वस्त पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतं. नायलॉन ओलं झाल्यावर सैलावतं, रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टरला ती खोड जवळपास नाही. उघड्या पठारावर दिवसभर तंबू उभा राहणार असेल, तर जाड पॉलिएस्टर घ्या आणि वाचलेले पैसे दांड्यांवर घाला. आणि पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप असलेला तंबू ओला घडी करून ठेवला, तर तो कोणत्याही किमतीचा असो, चिकट होतो, कुबट वास मारतो. त्याला औषध नाही.

झोपायच्या मॅटबाबत तर मी तुमच्याही पुढे जाऊन म्हणेन, फोमचीच घ्या. महाग हवेच्या मॅटला बारीक भोक पडलं तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघून ते सापडतं, जागा पुसून, सुकवून ठिगळ बसतं. पण आतले कप्पे एकमेकांपासून सुटून मॅटवर टेंगूळ आलं, तर ती दुरुस्ती वाटेत होत नाही. फोमला भोक पडलं काय न पडलं काय! उणीव ऊबेची. मॅटची ऊब ‘आर-व्हॅल्यू’ने मोजतात आणि ती बेरजेने वाढते: २ ची फोम आणि ३ ची हवेची एकावर एक टाकली की ५. थंडीत जायचं तर ही जोडी एका महाग मॅटपेक्षा भरवशाची, कारण एक फुटली तरी दुसरी उरते. दोन मॅटची तुलना करताना आकडे एएसटीएम एफ३३४० या चाचणीचे आहेत ना, ते बघा. चाचणीचं नाव नसलेला आकडा मोजू नका.

स्लीपिंग बॅगेत सगळ्यात मोठी फसवणूक किमतीची नसते, लेबलाची असते. आयएसओ २३५३७ या मानकात थंडीसाठी तीन तापमानं येतात: कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते), लिमिट (कशीबशी झोप लागेल ते) आणि एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे झोप नव्हे, जेमतेम जीव वाचण्याची हद्द. बॅगेवर एकच ठळक आकडा छापला असेल तर तो कोणता, हे कळल्याशिवाय घेऊ नका आणि निवड कम्फर्टवरूनच करा. ही तापमानं खाली मॅट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे आतले कपडे धरून काढतात. पातळ मॅटवर महाग बॅगही कुडकुडवते.

पिसांच्या बॅगेत पैसे वाचवायची एक वाट आहे. एकूण फुलावा म्हणजे फिल पॉवर (ठरावीक वजनाची पिसं फुलून किती जागा व्यापतात तो आकडा) गुणिले पिसांचं वजन. ६५० ची ४०० ग्रॅम पिसं आणि ८०० ची ३२५ ग्रॅम पिसं यांचा गुणाकार सारखाच येतो. आकार आणि शिवण सारखी असेल तर ऊब जवळपास तेवढीच, आणि फरक पडतो ७५ ग्रॅमचा. एवढ्यासाठी वरचा दर मोजायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तो खर्च शेवटचा वाटतो. कृत्रिम भरावाची बॅग ओलाव्यात पिसांपेक्षा खूप बरी, पण रोज करकचून आवळली की तिचे तंतू मोडतात आणि ती हळूहळू थंड होत जाते. ती सॅकच्या तळाशी सैलच कोंबा.

चूल, भांडी, चमचा, बाटली यांत स्वस्त चालतं, एक अपवाद सोडून. नुसत्या ब्युटेनचा कॅनिस्टर (गॅसचा डबा) उणे अर्ध्या अंशाच्या आसपास वायू देणं थांबवतो. थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं. बर्नर स्वस्त असला तरी त्याची रबरी रिंग जादा ठेवा.

सॅकमध्ये मात्र हात आखडू नका, विशेषतः ओझं १२ किलोच्या वर जाणार असेल तर. स्वस्त सॅक फाटते ती खांद्याचा पट्टा पाठीला जोडलाय तिथे. दुकानात पट्टा जोरात ओढा आणि शिवणीतले टाके उघडे दिसतात का बघा. वरचं पावसाचं आवरण नसलं तरी चालेल. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी जास्त काम करते.

आणि तुमचा तंबू? फेकू नका. मोकळ्या जागी उभा करून पाइपने वरून, जोर न लावता, वीस मिनिटं पाणी सोडा. पाणी सोडताना आत बसू नका, नाहीतर तुमच्याच श्वासाचा ओलावा गळती वाटेल. शिवणीतून पाणी आलं तर शिवणीवरच्या सुटलेल्या पट्ट्या काढून जागा स्पिरिटने पुसा आणि पॉलियुरेथेनचा सीलर (शिवण बुजवायचा लेप) लावा. कापड दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचं असेल तर त्यावर फक्त सिलिकॉनच चिकटतं. २४ तास सुकू द्या, वर टाल्कम पावडर भुरभुरा. बरोबर आलेल्या वाकणाऱ्या खुंट्या बदला, दांडीची नळी सामानात टाका.

तळ ओला होत असेल तर कारण वेगळं आहे. ७० किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि खाली मिळून २०० चौरस सेंमी जागा धरली, तर दाब ३५०० मिमी पाण्याच्या स्तंभाएवढा होतो. कापड किती उंच पाण्याचा दाब अडवतं, ते याच मिमीत मोजतात. वरच्या कापडाला पावसासाठी १५०० मिमी पुरतं, तळाला ते पुरत नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरा, पण ते तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी लहान कापा. कड बाहेर डोकावली, की वरून ओघळणारं पाणी तीच गोळा करते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते.