काका, नट घट्ट होता, चाक नव्हतं

काका (प्रतिक्रियेत तुम्हीच स्वतःला काका म्हणवलंत, म्हणून मीही तेच म्हणतो), तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की त्यातली एक गोष्ट चक्क बरोबर आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: होंडा सिटीला बाजारातली अलॉय (ॲल्युमिनियमची) रिम बसवण्यावर मी पोस्ट लिहिली होती, तिच्यावरची ती प्रतिक्रिया. काका इंदूरच्या रामबागेत बावीस वर्षं गॅरेज चालवतात. त्यांचं म्हणणं असं की ‘हब रिंग गाडीचं वजन पेलते’ हे मी साफ चुकीचं लिहिलं (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग). कंपनीचे नट काढून दुसरे घ्यायला सांगणं ही दुकानदारी आहे. आणि आट्यांना ग्रीस लावून पान्यावर पाय दिला की चाक जन्मात सुटत नाही, टॉर्क रेंच (ठरवलेला पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, लागला की ‘कट्’ करणारा पाना) हे नुसते चोचले.

पहिलं मान्य. चूक माझीच, पोस्टमधलं ते वाक्य काढून टाकलंय. माझ्या रिमचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटरचं आहे आणि जुन्या सिटीच्या हबचा ओठ ५६.१ चा. मधली फट रिंग भरते, त्यामुळे बसवताना चाक बरोबर मध्यावर येतं. तिचं काम तिथे संपलं. म्हणून तर ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने माझी प्लॅस्टिकची रिंग मऊ पडली तरी चाक जागचं हललं नाही. (आता ॲल्युमिनियमची वापरतो.) वजन पेलतं ते रिम आणि हब यांच्यातलं घर्षण, आणि ते घर्षण नटांच्या दाबातून येतं. सिटीच्या नटांना १०८ न्यूटन-मीटर टॉर्क लावायचा असतो. आटे कोरडे असतील तर तेवढ्याने एक नट ढोबळमानाने साडेचार टनांनी रिम दाबतो. चार नटांचे झाले अठरा टन.

पण काका, इथूनच तुमचा आणि माझा रस्ता वेगळा होतो. हा दाब येतो कुठून? नट फिरवताना आपण खरं तर स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) ताणत असतो, रबर ओढावं तसा. ताण किती? जेमतेम एका केसाच्या जाडीएवढा. चाकाचं सगळं भवितव्य त्या केसावर. नटाखालची जागा केसभर चेपली गेली की ताण गेला, दाब गेला, आणि पाना लावला तेव्हा नट कितीही घट्ट असला तरी पुढे त्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून कंपनीचे नट बदलायला सांगितलं. होंडाचा मूळ नट खालून गोल असतो, चेंडूच्या तुकड्यासारखा. बाजारातल्या बहुतेक अलॉयला बैठक (नट टेकतो ती जागा) असते ६० अंशांच्या उतरत्या कोनाची. गोल नट कोनात बसवला की तो पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक वर्तुळावर टेकतो. टॉर्क रेंच इमानदारीत ‘कट्’ करतो, त्याला काय कळतंय! मग वळणावळणावर भार उलटसुलट होतो, ती बारीक रेघ ॲल्युमिनियममध्ये रुतते आणि केसभर ताण हवेत विरतो.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. अलॉय बसवून देणाऱ्या दुकानाने माझ्या गाडीला कंपनीचेच नट लावले होते आणि मीही बघितलं नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, त्या रेसिंग ट्रॅकवर, दुसऱ्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं डिस्क वाकली. पिटमध्ये येऊन बघतो तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते आणि भोकांभोवती काळी, चकचकीत ॲल्युमिनियमची भुकटी. ती भुकटी ज्याने पाहिलीय तो नटांच्या बैठकीला दुकानदारी म्हणणार नाही.

तुमच्याकडे मात्र बावीस वर्षांत चाक सुटलं नाही, हेही मी खरं मानतो. कारण तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कंपनीची लोखंडी रिम आणि तिचेच नट. लोखंडी रिम थोडी लवते, स्प्रिंगसारखी, आणि बऱ्याच चुका पोटात घालते. अलॉय तेवढी दयाळू नाही.

आता ग्रीस. ग्रीसने आटे घसरट होतात, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, दीडपटसुद्धा. वर तुमचा पाय. ७० किलोचा माणूस ३५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर होतात साधारण २४० न्यूटन-मीटर. १०८ च्या जागी २४०, तेही ग्रीस लावून! स्टड त्याच दिवशी तुटला नाही तर ते आणखी वाईट. तो कायमचा लांबतो आणि नंतर कधीतरी वळणावर हिशेब चुकता करतो. गंजाची भीती असेल तर तारेच्या ब्रशने आटे साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा. ग्रीसचं बोट हवंच तर हबच्या ओठावर फिरवा, नाहीतर रिम तिथे गंजाने चिकटून बसते.

आणखी एक गोष्ट, जी मूळ पोस्टमध्ये राहून गेली. मारुतीच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर, होंडाच्या १.५, स्टडची जाडी दोन्हींची १२ मिलिमीटर. इथे आट्यांना सगळे ‘चुडी’ म्हणतात आणि डब्यात दोन्ही चुड्यांचे नट एकत्र खेळत असतात. चुकीचा नट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. एअर गन असेल तर अडत नाही, आटे खाऊन आत जातो. म्हणून नट आधी हाताने, आठ पूर्ण फेरे तरी. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावल्यामुळे आठ होत नसतील तर लांब स्टड घ्या, नाहीतर स्पेसर काढा.

नट बसवून झाल्यावर मी सिमरोल, भेरूघाट करत चोरलपर्यंत जाऊन येतो, परत आल्यावर चाक थंड होऊ देतो, मग टॉर्क पुन्हा बघतो. नवा रंग आणि नवी बैठक पहिल्या ५०-१०० किलोमीटरमध्येच दबते. गरम चाकावर बघायचं नाही: ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे तेव्हा ढिला नटही घट्ट भासतो.

पिथमपूरला २५० ने गाडी नेणाऱ्यांचं काही होत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तो गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे काका, तिथे ब्रेक लागतो कितीदा?

माझ्यावर विश्वास ठेवू नका. नटाच्या बैठकीवर मार्करने काळं फासा, अलॉयमध्ये बसवून घट्ट करा आणि काढून बघा. काळा रंग पूर्ण पट्ट्यात गेलाय की एका रेघेत, तेवढंच. रविवारी सकाळी गॅरेज उघडं असतं का? माझी ती रुतलेली रिम अजून माळ्यावर आहे, घेऊन येतो. सिटीचा मूळ नट तुमच्या डब्यात सापडेलच.