‘गावची वीज खासगी करा’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सरकारी वीज कंपन्या कायम तोट्यात असतात, अहमदाबाद-सुरतेत खासगी कंपनी आहे म्हणून तिथे वीज जात नाही, दिल्लीतही खासगी कंपन्या आल्यावर कारभार सुधारला, खेड्यात सरकारी कंपनी आहे म्हणून पंप जळतात आणि लाइनमन फिरकत नाही, तेव्हा आपली मध्य गुजरात वीज कंपनीही (एमजीव्हीसीएल) खासगी करा, म्हणजे पादऱ्याच्या शेतापासून छोटा उदेपूरच्या शेवटच्या फळियापर्यंत (पाड्यापर्यंत) चोवीस तास स्वस्त वीज येईल. डभोई-पादऱ्याकडे जमीन असलेली मंडळीसुद्धा हा मेसेज पुढे ढकलताहेत. तसं झालं तर सगळ्यात आधी झळ त्यांनाच बसणार आहे, म्हणून एकेक दावा तपासून घेऊ.

‘सरकारी कंपनी म्हणजे तोटा’

गुजरातपुरतं हे पंचवीस वर्षांपूर्वी खरं होतं. २००० सालच्या आसपास गुजरात वीज बोर्डाचा वर्षाचा तोटा दोन हजार कोटींच्या वर होता. पुढे १ एप्रिल २००५ पासून बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या: निर्मितीची एक, पारेषणाची एक, वितरणाच्या चार, आणि सगळ्यांच्या वर गुजरात ऊर्जा विकास निगम, ज्याचं मुख्यालय इथेच बडोद्यात रेसकोर्सला आहे. सातही कंपन्या सरकारी. तरी तोटा गेला, आणि केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मानांकनात चारही वितरण कंपन्या वर्षानुवर्षं ए-प्लस मिळवत आल्या. मालक तोच राहिला. बदललं ते असं: प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा झाला, महागडे वीजखरेदी करार पुन्हा वाटाघाटीला घेतले, जुनी कर्जं कमी व्याजावर फिरवली, वीजचोरीसाठी स्वतंत्र पोलीस ठाणी निघाली.

लोकांची मालकी असली की कारभार आपोआप चांगला होतो, असं मात्र आम्ही म्हणत नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था ग्राहकांच्याच मालकीची होती. घेतलेल्या विजेचे पैसे वर्षानुवर्षं थकत गेले आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपून ग्राहक महावितरणकडे गेले. वसुली आणि मीटर नीट नसेल तर कोणतीही मालकी तरत नाही.

‘अहमदाबाद-सुरत बघा’

अहमदाबादची वीज कंपनी १९१३ सालची, सुरतेचीही इंग्रज काळातली. सरकारी कंपनी विकून ती शहरं सुधारली, असं काही तिथे घडलंच नाही. त्या कंपन्यांकडे शहर होतं: एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेकडो घरं, दुकानं, कारखाने आणि तारांची लांबी थोडी. छोटा उदेपूरमधल्या कवांट किंवा नसवाडीकडे एका टेकडीवर चार घरं, पुढच्या टेकडीवर सहा. तिथे एका ग्राहकासाठी लागणारे खांब, तारा, डीपी आणि लाइनमनची पायपीट शहराच्या कितीतरी पट आहे. ग्राहक मात्र महिन्याला दोन बल्ब, एक पंखा आणि मोबाइल चार्जिंगएवढीच वीज वापरतो.

हे भारतापुरतं नाही. अमेरिकेत १९३५ च्या सुमाराला शहरं उजळलेली होती, पण शंभरातल्या जेमतेम दहा शेतघरांत वीज होती. खासगी कंपन्यांना लांब तारा ओढणं परवडत नव्हतं. सरकारनं स्वस्त कर्ज दिलं, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, तेव्हा तारा शेतापर्यंत गेल्या. आपल्याकडेही २०१७ च्या सौभाग्य योजनेतल्या मोफत जोडण्या या भागात सरकारी वितरण कंपनीनंच दिल्या.

खासगी कंपनी कुठे येते, हे पाहायला लांब जायची गरज नाही. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचं वितरण एप्रिल २०२२ पासून टोरंट या खासगी कंपनीकडे आहे. सिल्वासा-दमणचा बहुतेक भार कारखान्यांचा आणि गळती (वाटेत किंवा चोरीत जाणारी वीज) आधीपासूनच कमी.

‘पंप जळतात ते कंपनी सरकारी म्हणून’

इथे जरा थांबू, कारण पंप का जळतो हे कळलं की मेसेजमधला निम्मा राग योग्य जागी वळेल.

पाच एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भारात साधारण साडेसात अँपिअर घेते. अशा चार मोटरी म्हणजे तीस अँपिअर. डीपीपासून शेवटच्या बोअरपर्यंत एक किलोमीटर एलटी (कमी दाबाची, ४१५ व्होल्टची) लाइन आहे आणि तार वीझल या बारीक जातीची आहे असं धरा. या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. तीनही तारांत मिळून जवळजवळ अडीच किलोवॅट नुसती उष्णता होऊन जातात. चार मोटरी मिळून घेतात सुमारे सतरा किलोवॅट, म्हणजे त्याच्या सातव्या हिश्शाएवढी वीज वाटेतच संपते. शेवटच्या स्टार्टरवर ४१५ ऐवजी ३६५ च्या आसपास व्होल्टेज उरतं. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उपसायला मोटर जास्त करंट ओढते, जास्त करंटनं व्होल्टेज आणखी पडतं आणि वाइंडिंग तापत जातं. जाड रॅबिट तार टाकली तरी गळती दीड किलोवॅटच्या खाली फारशी येत नाही.

तेच सतरा किलोवॅट ११ केव्हीवर (११ हजार व्होल्टवर) शेतापर्यंत नेले तर करंट फक्त १.१ अँपिअरच्या आसपास, आणि त्याच तारेतली गळती पाच वॅटसुद्धा नाही. यालाच एचव्हीडीएस (उच्च दाबाची वितरण पद्धत) म्हणतात: ११ केव्ही लाइन थेट वावरात न्यायची आणि दोन-चार पंपांमागे १६ किंवा २५ केव्हीएचा छोटा डीपी बसवायचा. आकडा टाकायलाही तिथे जागा उरत नाही, आणि डीपी चार जणांचाच असल्यानं ते चौघे त्यावर लक्ष ठेवतात. अडचण खर्चाची. एका मोठ्या डीपीऐवजी पाच-सहा छोटे घ्यावे लागतात आणि तो पैसा शेतीच्या सवलतीच्या दरातून सुटत नाही.

जळण्याची बाकीची कारणं शेतावरच सापडतात. २५ केव्हीएच्या डीपीची क्षमता ३३ अँपिअर, त्यावर पाच एचपीचे चार पंप बसतात. कागदावर पाच एचपी आणि बोअरमध्ये साडेसात, असे दोघे निघाले की हिशेब मोडतो. त्यात स्टार्टरला ऑटो स्विच असतो. फीडर (उपकेंद्रातून येणारी ११ केव्ही लाइन) चालू होताच चारही मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर सहापट करंट घेते, म्हणजे १८० अँपिअर. फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून टाकतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीच जळतो. एका फेजचा फ्यूज गेला आणि मोटर फिरतच राहिली, तर उरलेल्या दोन फेजांवर करंट पावणेदोन पटीवर जातो आणि काही मिनिटांत वाइंडिंग काळं पडतं.

यावर उपाय स्वस्त आहेत: स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा), एका डीपीवरच्या ऑटो स्विचांना वेगवेगळा टाइमर (एकाला दहा सेकंद, दुसऱ्याला वीस, असं पुढे), आणि पाच एचपीच्या मोटरला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर. फ्यूजची तार कंपनीच्या माणसाकडूनच घालून घ्यायची. कंपनी खासगी झाली म्हणून ओहमचा नियम बदलत नाही.

फीडर वेगळे करण्याचं मोठं कामही सरकारी कंपन्यांनीच केलं. २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला, सुमारे १८ हजार गावांत. त्याआधी शेतीची थ्री फेज बंद झाली की गावातली पिठाची गिरणी आणि वेल्डिंगचं दुकानही थांबायचं. आता गावाला चोवीस तास थ्री फेज असते आणि शेतीला ठरलेले आठ तास. हजार कोटींहून जास्त खर्चाचं ते काम बहुतांशी राज्याच्या पैशावर झालं. शेतीचे आठ तास बरेचदा रात्री यायचे ही तक्रार खरी होती. त्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना सुरू झाली, पहाटे पाच ते रात्री नऊच्या दरम्यान वीज देण्यासाठी. आपल्या गावच्या फीडरला दिवसाचं वेळापत्रक अजून मिळालं नसेल, तर त्याचा पाठपुरावा करण्यासारखा आहे.

‘खासगी आली की बिल कमी होईल’

हा दावा सगळ्यात घातक आहे. बिलाचा दर कसा जमतो हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं.

चारही सरकारी वितरण कंपन्यांचे ग्राहकांसाठीचे दर एकच आहेत. पण कंपन्यांची परिस्थिती एक नाही. सुरतच्या दक्षिण गुजरात कंपनीकडे वापी-अंकलेश्वरचे कारखाने आहेत, ते पूर्ण दर देतात. राजकोटच्या पश्चिम गुजरात कंपनीकडे सौराष्ट्रातले लाखो शेतीपंप आणि लांबच लांब लाइन. आपल्या कंपनीकडे एकीकडे बडोद्याचं शहर आणि दुसरीकडे दाहोद-छोटा उदेपूर. हा फरक ऊर्जा विकास निगम भरून काढतो: सगळी वीज तोच घेतो आणि चार कंपन्यांना वेगवेगळ्या ठोक भावानं विकतो. ज्यांची कमाई चांगली त्यांना महाग, ज्यांच्याकडे शेती आणि लांब तारा त्यांना स्वस्त. वापीच्या कारखान्याच्या बिलातला थोडा हिस्सा असा धानेराच्या किंवा कवांटच्या शेतापर्यंत पोचतो. कारण चौघींचा मालक एकच आहे.

यातली एक कंपनी विकायची ठरली तर गुंतवणूकदार आधी कुठली मागेल? कमावणारी. ती बाहेर पडली की स्वस्त ठोक भावासाठी लागणारा पैसा आटतो. मग उरलेल्या कंपन्यांचे दर वाढवा किंवा राज्याचं अनुदान वाढवा, तिसरा रस्ता नाही. बरं, वीजदर ठरवणारा नियामक आयोग भांडवलावरचा परतावा खासगी कंपनीलाही मंजूर करतो, आणि तो ग्राहकाच्याच दरात चढतो.

दिल्लीचं उदाहरण मेसेजात आहेच. २००२ मध्ये तिथलं वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं आणि त्यानंतर गळती खरोखर खूप उतरली, ते मान्य. पण तिथला खर्च पूर्ण दरात न घेता ‘पुढे वसूल करू’ म्हणून साठवत गेले, आणि तो साठा २७ हजार कोटींवर गेला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा थकलेल्या रकमा मुदतीत फेडायला सांगितल्या. ते पैसे शेवटी तिथल्या ग्राहकांच्याच खात्यावर आहेत.

‘खेडं खासगीकडे दिलं की सुधारतं’

ओडिशानं १९९९ मध्ये चारही विभाग खासगी कंपन्यांना दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आलं, आणि मध्य विभाग घेतलेली अमेरिकन कंपनी २००१ मध्ये कारभार सोडून गेली. उरलेल्या तीन विभागांचे परवाने तिथल्या वीज नियामक आयोगानं २०१५ मध्ये रद्द केले. २०२०-२१ मध्ये चारही विभाग टाटा पॉवरकडे गेले, तेव्हा राज्यानं ४९ टक्के हिस्सा आपल्याकडे राखला.

‘लाइनमन येत नाही’

ही तक्रार खरी आहे. एका लाइनमनकडे अनेक गावं असतात, मदतनीस कंत्राटी असतात, पावसाळ्यात पहिल्या वाऱ्यात फांद्या तारांवर पडतात. यावर भरती करा, एप्रिल-मेमध्ये झाडं छाटा, एबी स्विच (लाइनचा तेवढाच तुकडा बंद करणारे खांबावरचे स्विच) दुरुस्त ठेवा, म्हणजे एका फांदीसाठी अख्खा फीडर बंद करावा लागणार नाही. हे मागायचा हक्क आपल्याला आहे. चक्रीवादळात सौराष्ट्र-कच्छच्या लाइन पडल्या तेव्हा बडोदा, मेहसाणा आणि सुरतच्या कंपन्यांची पथकं खांब उभे करायला तिकडे गेली होती.

मागायचं कसं, तेही सांगतो. आपल्या डीपीची क्षमता आणि त्यावर मंजूर झालेला एकूण भार माहिती अधिकारात लेखी मागा. सरकारी कंपनीला ते द्यावं लागतं, आणि तिचे हिशेब कॅग (देशाचे महालेखापरीक्षक) तपासतो. दिल्लीतल्या खासगी कंपन्यांचं कॅग ऑडिट करायचा निर्णय उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केला होता, हेही ध्यानात असू द्या. मंजूर भार क्षमतेपेक्षा जास्त निघाला तर सब-डिव्हिजनला अर्ज द्या: मोठा डीपी किंवा एचव्हीडीएस. अर्जाची पोच आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही नाही तर विद्युत लोकपाल. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ मध्ये दोन्हींची तरतूद आहे. अर्जाला जोडायला संध्याकाळच्या भारात तीनही फेजांचं व्होल्टेज आठवडाभर रोज एका वेळी मोजून लिहून ठेवा. ते मोजताना स्टार्टरच्या टर्मिनलवर मोजा, डीपीवर नाही, कारण खरा खड्डा लाइनच्या शेवटालाच दिसतो.