प्रकल्प अहवाल स्वतःच लिहावा

ठाणे आणि नवी मुंबईत उद्योजकता शिकवणाऱ्या शिबिरांना सध्या तोटा नाही. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी जिद्द, धाडस आणि सकारात्मकता यांवर दिवसभर बोलले जाते आणि आकडेमोड मात्र चहानंतरच्या शेवटच्या अर्ध्या तासात उरकली जाते. बँकेच्या कर्ज विभागात नोकरीची बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नव्या व्यावसायिकाने सर्वांत आधी स्वतःचा प्रकल्प अहवाल, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचा खर्च-विक्रीचा लेखी आराखडा, स्वतः लिहायला शिकावे.

बहुतेक अर्जदार तो सल्लागाराकडून तयार करून आणतात. कर्ज किती हवे हे आधी ठरते आणि विक्रीचे आकडे त्याला साजेसे मागाहून बसवले जातात. दुसऱ्या वर्षी विक्री दुप्पट कशी होणार, असे विचारले की अर्जदार सल्लागाराला फोन लावतो.

समजा, घोडबंदर रस्त्यालगत लहान गाळा घेऊन डब्यांचा व्यवसाय सुरू करायचा आहे. भाडे, मदतनिसांचे पगार आणि वीज मिळून महिन्याचा ठरलेला खर्च 60,000 रुपये धरू. डबा 120 रुपयांचा असून त्यातील शिधा, गॅस, डबे आणि पोहोचवणे यांवर 80 रुपये जात असतील, तर एका डब्यामागे 40 रुपये उरतात. म्हणजे नुसता खर्च भागवण्यासाठी महिन्याला 1,500 डबे, 25 दिवसांच्या हिशेबाने रोज 60 डबे विकले गेले पाहिजेत. हेच डबे एखाद्या ॲपवरून विकले आणि त्याने 25 टक्के कमिशन घेतले, तर डब्यामागे 10 रुपयेच उरतात आणि तोच खर्च भागवायला 6,000 डबे लागतात. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. पण तो अर्जदाराने स्वतः केलेला मी क्वचितच पाहिला.

याहून जास्त धंदे बुडतात ते खेळत्या भांडवलापायी, म्हणजे रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणाऱ्या पैशापायी. महापे किंवा ऐरोलीतील एखाद्या कंपनीने रोजचे 60 डबे घेतले आणि बिल 45 दिवसांनी चुकते केले, तर वाशीच्या घाऊक बाजारात आणि मदतनिसांच्या हातात रोख मोजत असताना महिन्याला 25 दिवसांच्या त्याच हिशेबाने आपले 2 लाख 70 हजार रुपये कायम बाहेर अडकून राहतात. कागदावर मात्र एका पैशाचाही तोटा दिसत नाही! 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक केले आहे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे आपल्या लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, करून घ्यावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तरीही तिच्यासाठी दलालाला पैसे देणारे लोक मला नेहमी भेटतात. अर्थात, एकुलत्या एका ग्राहकावर व्याजाचा दावा लावायला मोठे काळीज लागते. म्हणून उधारी किती द्यायची, हे पहिल्या बिलाआधीच ठरवणे बरे.

अनुदानाबद्दलही मोठा गैरसमज आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि ठिकाण पाहून प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळते, हे खरे. पण ती रक्कम तीन वर्षे बँकेत कर्जदाराच्या नावे अडकवून ठेवली जाते आणि व्यवसाय चालू असल्याची पडताळणी झाल्यावरच कर्जात वळती होते. त्या पैशांतून पहिल्या वर्षीचे भाडे भरण्याचा बेत आखणाऱ्याने अहवाल वाचलेलाच नसतो.

ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात योजनांची माहिती मिळते आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणेही असतात. तिथे अवश्य जावे, मात्र जाण्यापूर्वी अन्नसुरक्षेची नोंदणी करून, आपल्याच गृहसंकुलात दोन-तीन महिने थोड्या प्रमाणावर डबे विकून पाहावेत आणि रोजची खरेदी, विक्री, उरलेले अन्न व थकलेली उधारी वहीत लिहावी. ओळखीच्यांनी कौतुकाने घेतलेले डबे वेगळे मोजावेत, कारण ते फार दिवस टिकत नाहीत. अशी वही घेऊन आलेल्या अर्जदाराला मी पुढच्या विक्रीबद्दल प्रश्न विचारी, तेव्हा तो पाने उलटून स्वतःच उत्तर देई, आणि मागितलेले कर्ज बहुधा सल्लागाराने सुचवलेल्या रकमेपेक्षा कमी असे.