फी मला, ताप तिला

शाळेच्या प्रवेशअर्जावर दोन फोन नंबर मागतात. वरचा वडिलांचा, खालचा आईचा. वरचा नंबर फीची आठवण करून द्यायला. तो मेसेज कधी चुकत नाही, ऐन लक्ष्मीपूजनालासुद्धा येतो. बाकी सगळं खालच्या नंबरवर: ताप, उलटी, हरवलेला डबा, ‘उद्या पिवळा शर्ट घालून पाठवणे’.

आमच्याकडे या व्यवस्थेला भूगोल आडवा येतो. बायको पंढरपूरला बँकेत. मी सोलापुरात नवी पेठेत टॉवेल-चादरी विकतो. पंढरपूर सत्तर-एक किलोमीटर लांब, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका मला गल्ल्यावर ऐकू येतो. परवा पोराला वर्गात उलटी झाली. शाळेनं फोन लावला पंढरपूरला. बायकोच्या टेबलापुढं पीककर्जवाल्यांची रांग. तिनं रांग थांबवून मला फोन केला, मी गिऱ्हाईक थांबवून शटर अर्धं ओढलं. सगळा जिल्हा हलला तेव्हा मी दोन गल्ल्या चाललो.

गेटवर मामा. “मॅडम न्हाई आल्या?”

“मी वडील आहे त्याचा.”

“ते हाय की ओ. पण मॅडम?”

आत गेलो तर बाई हळहळल्या, “अय्यो, तुम्ही कशाला त्रास घेतला सर?” उलट्या पोराला, त्रास माझा.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “मम्मीला फोन लावा, डोस सांगतो.” लावला. पलीकडून बायको शांतपणे म्हणाली, “सर, चमचा त्यांच्या हातात असणारे.” मग डॉक्टरांनी मला तेच तीनदा सांगितलं, ‘पाच एमएल’वर बोटं नाचवत. मी रोज मीटरवर कापड मोजून देतो हो! पण बापाला माप कळतं यावर शहराचा विश्वास नाही.

सरकारचाही बेताचाच. २०१७ पासून कायद्यानं आईला २६ आठवड्यांची रजा, पहिल्या दोन बाळंतपणांना. बापासाठी केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. माझ्या एका रेल्वेतल्या मित्राला ते मिळाले. त्यानं त्यात घराला रंग दिला. बाळ माहेरी होतं, तो तरी काय करणार. मी पडलो दुकानदार. माझी रजा म्हणजे शटर, आणि ते ओढलं की शेजारचा दुकानदार विचारतो, “काय बे, कोण गेलं?”

केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं निघालं. ही बातमी बायकोनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. मी ८८ ऐकून जरा ताठ बसलो. मग तिनं पुढचं वाचलं. हा आकडा घरकाम करणाऱ्या पुरुषांचाच; जे करतच नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत.

तर त्या दिवशी पोराला पेज पाजून झोपवलं. तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. अक्कांनी उभं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, पायाशी पोर, मजुरी हजार विड्यांमागं, आणि मधेच उठून आमटीला फोडणी. ‘वर्किंग मदर’ म्हणून त्यांना कुणी शाल-नारळ दिल्याचं ऐकिवात नाही. अक्का बराच वेळ माझ्याकडं कौतुकानं बघत राहिल्या.

रात्री आठला बायको एसटीनं आली. खांद्यावर पर्स, हातात वाटेत घेतलेली मेथी. ती चप्पल काढते न काढते तोच अक्का म्हणाल्या, “नशीब काढलीस गं. असला नवरा बघाय मिळत न्हाई. पोराला डॉक्टरकडं नेला, पेज केला!”

“अक्का, मी पण रोज करते की. माझं कौतुक कधी?”

अक्कांना प्रश्नच कळला नाही. “तू आई हायस की गं,” म्हणाल्या, आणि पदराखालची शेंगाचटणीची वाटी पुढं केली. बायकोनं हात पुढं केला तशी वाटी मागं गेली.

“त्याला. दमलाय बिचारा.”

मी चटणी घेतली. बायकोनं माझ्या हातात मेथीची जुडी दिली, निवडायला.